म्हाकूमामांची भिंत

सोमवारी आमच्या आजोळी एक भिंत पाडली. ज्याने बांधली त्याच्याच हातून पाडून घेतली... आणि निमित्त झालं माझ्या एका अर्जाचं. डोकं अजून शांत नाही, म्हणून लिहितोय.

आजोळ माढ्याजवळ, स्टेशनपासून बैलगाडीनं दीड तास. पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, पायऱ्यांची. बायका खाली उतरून गुडघाभर पाण्यात घागरी भरायच्या, आणि दर उन्हाळ्यात घरटी एकाच्या तरी पायातून नारू निघायचा.

नारू ज्यांनी पाहिला नाही ते नशीबवान. पायावर फोड येतो, फुटतो, आतून दोऱ्यासारखा जंत डोकावतो. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा... मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावर.

म्हाकूमामा गावातले धनगर. थोडी कोरडवाहू जमीन, चाळीसेक मेंढरं. जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले. तिथं त्यांच्याच पायाला नारू निघाला, तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं, की नारूचा पाय पाण्यात बुडला की त्याची पिल्लं पाण्यात जातात, आणि ते पाणी जो पितो त्याला वर्षाभरानं नारू होतो.

गावी आल्यापासून मामा हेच सांगत होते. लोक हसायचे... शेवटी दोन वर्षांमागे त्यांनी एकट्यानं दगड वाहून पायऱ्यांच्या तोंडाशी छातीइतकी भिंत घातली. पलीकडच्या काठावर बाभळीचा रहाट बसवला. आणि बायकांना ओढायचा त्रास नको म्हणून रोज सकाळी स्वतः घागरी भरून द्यायचे, मग मेंढरं सोडायचे. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही.

सगळ्यात जास्त भांडली गोदाआक्का, गावची सुईण. बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीत उतरून पाण्याची पूजा करते, ती आता कुठं करायची म्हणून. "तुझ्या पलटनीत बाळंतिनी हुत्या का रं, म्हाकू?" असं चारचौघांत विचारलं तिनं. दोन महिने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात गावात एकाही माणसाला नारू नव्हता... एकाही.

मी सुट्टीत हे पाहिलं आणि पेटलोच. सोलापूरला परत येऊन कलेक्टरसाहेबांच्या कचेरीला तीन पानी इंग्लिश अर्ज लिहिला. या माणसाला सर्टिफिकेट द्या, भिंत पक्की करायला मदत द्या वगैरे. 'सरकारला कसलाही त्रास न देता त्यांनी पायऱ्या बंद केल्या'... हे वाक्य तर तीनदा घासूनपुसून घेतलं होतं.

महिन्याभरानं मामाचं, म्हणजे आईच्या भावाचं, पत्र आलं की सोमवारी महसूल खात्याचे सर्कलसाहेब विहीर बघायला येतायत. मी कॉलेज बुडवलं, टिळक चौकातून हार घेतला आणि गाडीत बसलो.

सर्कलसाहेबांच्या हातात माझाच अर्ज होता. त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ. सार्वजनिक विहिरीचा रस्ता परवानगीशिवाय अडवला, सबब भिंत आजच्या आज काढावी... असा हुकूम.

मी भांडलो. नारू समजावून सांगितला, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पायऱ्या बंद केल्या हे तुम्हीच लिहून दिलंय ना? मग आता तक्रार कसली?"

 

म्हाकूमामांनी हुकूम ऐकला, सलाम केला आणि घरून पहार घेऊन आले. मी म्हटलं, थांबा, आपण वर लिहू. "हुकूम हाय. आदी मानायचा, मंग बोलायचं," म्हणाले. दुपारपर्यंत त्यांनी एकेक दगड काढून नीट रचून ठेवला. सर्कलसाहेब लिंबाखाली बसले होते. तहान लागली म्हणून पाणी मागितलं... मामांनीच रहाटानं काढलेलं. दोन तांबे प्यायले.

हार मी तसाच पिशवीत ठेवला. तो कुठल्या तोंडानं घालणार होतो?

संध्याकाळी मामांची माफी मागायला गेलो. ते मेंढरं मोजत होते. "तू लिवलंस त्ये खोटं हुतं का? न्हाय न्हवं? मंग रडतोस कशापायी," म्हणाले. "सकाळी ये. दोर वढायला."

मंगळवारी उजाडता गेलो. मामा रहाटापाशी होते, पण पायऱ्या सताड उघड्या. खाली उतरलं की घागर झटक्यात भरते, इथं रांगेत थांबावं लागतं. पहिली बाई आली, रांगेकडे पाहिलं आणि सरळ पायऱ्यांकडे वळली. मला वाटलं, संपलं. दोन वर्षांचं सगळं आता पाण्यात.

पायऱ्यांच्या तोंडाशी गोदाआक्का बसली होती. पाय लांब पसरून, भिंत होती बरोबर तिथं.

"कुटं निगालीस?"

"पान्याला की, आक्का."

"पानी तितं मिळतंय. हितं मी बसलीया."

"आन् बाळंतीण आली मंजी?"

"वर घागरीची पूजा करंल. पानी त्येच हाय की." मग मामांकडे न बघताच म्हणाली, "म्हाकू, हात चालीव. बाया खोळंबल्यात."

ती बाई रांगेत आली. मागून आलेल्याही आल्या. त्या सकाळी खाली कुणीही उतरलं नाही... मी शेवटच्या घागरीपर्यंत बघत होतो.

कचेरीच्या कागदावर रस्ता मोकळा झालाय, त्यांचं काम झालं. माझा राग काही जात नाही, आणि जाऊही नये. पण त्या रागातला निम्मा माझ्यावर आहे... ज्यांचं काम त्यांना न विचारता मी तीन पानं लिहून मोकळा झालो. नवा अर्ज लिहायला घेतलाय, मराठीत. पाठवण्याआधी म्हाकूमामांना आणि गोदाआक्काला वाचून दाखवणार आहे... त्या दोघांनी होय म्हटलं, तरच तिकीट लावणार.