केणीमास्तरांनी उलगडलेले निरोपाचे शब्द

श्री. वामनराव केणी यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या अंकात विद्वान मंडळी लिहितीलच. मी पुनावळ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला फिटर. तरी अंकाच्या समितीने मलाही लिहायला सांगितले, कारण मास्तरांशी माझी ओळख भांडणातून झाली, हे पिंपरीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात तेव्हा नवी यंत्रे बसत होती आणि ती बसवायला लुइजी नावाचे इटालियन इंजिनियर आले होते. मला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर लुइजीसाहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, हसले आणि म्हणाले, "चाव!" मी रागाने त्यांना ढकलले. ते खोक्यावर आपटले, कोपर सोलले. मॅनेजरांनी मला तिथल्या तिथे कामावरून काढले.

मी गेटपाशी पोचलो, तेवढ्यात मागून कोणी हाक मारली. काळी टोपी, साधा कोट, हातात छत्री. कारखान्याचे दुभाषे केणीमास्तर. तोवर मी त्यांना लांबूनच पाहिले होते.

"सोपानराव, ते तुम्हांला काय म्हणाले?"

"चाव म्हनाले. मी काय कुत्रं हाय व्हय, चावायला?"

मास्तर हसले नाहीत. मला तसेच मॅनेजरांच्या खोलीत घेऊन गेले. लुइजीसाहेब कोपराला पट्टी बांधून तिथेच बसले होते. मास्तर आधी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलले, मग मॅनेजरांना आणि मला म्हणाले, "व्हेनिसकडच्या बोलीत निरोप घेताना 'मी आपला दास' असं म्हणायची रीत होती. बोलून बोलून तो शब्द झिजला आणि एवढासा उरला. आपण पत्राखाली 'आपला नम्र सेवक' लिहितो, तसंच हे. साहेब यांचा मान ठेवत होते, आणि यांना वाटलं अपमान झाला. दोघांचीही चूक नाही."

लुइजीसाहेब उठले आणि त्यांनी हात पुढे केला. मला शरमेने वर बघवेना. मी त्यांची माफी मागितली, मॅनेजरांनी मला परत घेतले आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झालो. आज माझ्या घरात चूल पेटते ती त्या संध्याकाळी मास्तर गेटपर्यंत धावत आले म्हणून, असे मी मानतो.

मास्तर मूळचे गोव्याचे. तिथे ते भाषा शिकवीत. पोर्तुगीज सरकारविरुद्ध एका सभेत बोलले म्हणून नोकरी गेली आणि त्यांना गाव सोडावे लागले. पण भाषांवरचा त्यांचा लोभ कायम राहिला. त्या प्रसंगानंतर जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जण त्यांच्याभोवती बसू लागलो. स्पॅनिश 'आदिओस', पोर्तुगीज 'आदेउश', फ्रेंच 'आद्यू', इटालियन 'आद्दिओ' या चारही शब्दांत देव आहे, हे त्यांनी आम्हांला दाखवले. मूळ बोलणे 'तुम्हांला देवाच्या हवाली करतो' असे होते. बाकीचे गळाले, 'देवाला' एवढेच उरले.

आमच्यातल्या एकाने विचारले, "आन् ज्याचा देवावर इस्वास न्हाई, त्यो काय म्हनतो?"

"तोही तेच म्हणतो. त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही."

स्पॅनिश 'आस्ता ला विस्ता' म्हणजे पुन्हा भेट होईपर्यंत. त्यातला 'आस्ता' लॅटिन असावा, असे ते एकदा बोलून गेले. आठवड्याने हातातला डबा न उघडताच म्हणाले, "मी तुम्हांला चुकीचं सांगितलं. तो शब्द अरबी 'हत्ता'वरून आला आहे. ग्रंथ मागवून पाहिला." आमच्यापैकी दोघांना अजून सही करता येत नव्हती. आम्हांला ते कधी कळलेही नसते. तरीही मास्तरांना ती चूक तशीच ठेववली नाही.

आता जे लिहितो आहे ते त्यांना आवडणार नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे वडील पुनावळ्याला आजारी होते आणि मी पिंपरीत राहून ओव्हरटाइमपायी घरी जाणे पुढे ढकलत होतो. एके दिवशी सकाळीच मास्तर माझ्या यंत्रापाशी आले.

"सोपानराव, घरी जा."

"शिफ्ट संपली की जातो."

"नाही, आत्ता. रजेचा अर्ज मी लिहितो."

त्यांचा आवाज असा होता, की मी हत्यारे ठेवली आणि सायकल काढली. वडील त्यानंतर चार दिवस होते. आम्ही पुष्कळ बोललो. बांधावरून आमच्यात वर्षभर अबोला होता, तोही मिटला.

परत आल्यावर शिपायाकडून कळले, की त्याच सकाळी मास्तरांना त्यांच्या आई गेल्याचे पत्र आले होते. गोव्याची सीमा बंद, म्हणून ते कुणाकुणाच्या हातून महिनाभराने पोचले होते. मी त्यांच्याकडे गेलो. तेच म्हणाले, "आमच्याकडे घरातून निघताना 'वचून येतां' म्हणतात. जाऊन येतो. आईला तेवढंच सांगून निघालो होतो. माझं यायचं राहिलं. तुमचं राहू नये असं वाटलं."

त्यांनी शिकवलेल्या शब्दांपैकी निम्मे मी विसरलो असेन. हे मात्र विसरणार नाही. वडिलांशी झालेले ते चार दिवसांचे बोलणे मास्तरांनी मला दिले, आणि तेही स्वतःच्या दुःखातून उठून.

मास्तरांच्या धाकट्या भगिनी अजून गोव्यातल्या त्या गावी आहेत. सीमा आज ना उद्या खुली होईल. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे मास्तरांची नजर स्वच्छ राहो, पाय धडधाकट राहोत आणि गावच्या घराची चढण त्यांना कुणाचा हात न धरता चढता येवो. आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर जाणार, हे ठरलेलेच आहे. इतक्या वर्षांनी भगिनींनी दारात त्यांना चटकन ओळखले नाही, तर आम्ही पुढे होऊन सांगू : हे आमचे मास्तर.