चादरींचं गाणं

आमच्या मोहल्ल्यात पोलिसाला कुणी भीत नसे, किंतामावशीच्या गाण्याला भीत. आफ्रिकेतल्या आमच्या बिसाऊ शहराच्या बाजारात ती धुरावलेले मासे विकायची आणि रविवारी दुपारी आमच्या बायकांच्या मंडळात गायची. पाण्याच्या टबात अर्धा सुका भोपळा पालथा घालून मी शेजारी बडवत बसायची. आमचा ढोल तोच. कुणी बायकोला मारलं, कुणी म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवलं, की रविवारी त्याचं गाणं झालंच म्हणून समजा. नाव घ्यायचं नाही, पण कळायचं सगळ्यांना. ज्याच्यावर गाणं त्यानं हसायचं, टबात पैसे टाकायचे आणि गुमान सुधारायचं. रुसला तो माणसांतून उठला.

तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा अडेलीनो. मावशीनंच वाढवलेला. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर तो पहारेकरी होता. एकदा भात खाता खाता म्हणाला, भरदुपारी परक्याचं विमान उतरलं आणि पोती कर्नल ओलिंटोच्या गाडीत गेली. पोत्यांत कोकेन, हे काय सांगायला हवं? वैमानिकाला पट्टी दिसावी म्हणून पहारेकऱ्यांना गवतावर पांढऱ्या चादरी अंथरून कोपऱ्यांवर धोंडे ठेवायला लावले होते.

"मावशी, कुणाला बोलू नकोस हं."

"मी कुठे बोलते रे? मी गाते," ती म्हणाली, आणि तो वेडा हसला.

मी तिला बजावलं, "कर्नलवर गाणं? डोकं फिरलंय का तुझं?"

"का, तो काय आभाळातून पडलाय? त्याची आई माझ्या मांडीला मांडी लावून मासे विकायची. रीत त्यालाही आहे."

कर्नलच्या नातीच्या बारशाला आमच्या मंडळाला बोलावणं आलं. भरल्या अंगणात मावशीनं सूर लावला:

आभाळातून जावई आला, सासऱ्याचं फुललं तोंड गं,
गवतावर चादरी कुणी घातल्या, कोपऱ्यावर ठेवून धोंड गं!

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कर्नलही खदखदून हसला. त्यानं टबाजवळ येऊन करकरीत नोट टाकली. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू लढाई जिंकली. मग तो आमच्यापाशी उकिडवा बसला. त्याच्या अत्तराचा वास माझ्या नाकात शिरला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "धोंडे ठेवले होते, हे तुला कुणी सांगितलं?"

माझे हात पाण्यातच गारठले. विमान गावभर ठाऊक होतं. चादरी मात्र ज्यांनी अंथरल्या त्यांनाच ठाऊक.

"मीच पाहिलं. काजू वेचायला गेले होते."

"काजूची झाडं पट्टीच्या कुठल्या अंगाला आहेत गं?"

मावशी टबातली नोट उचलून पदरानं पुसू लागली. "बरं, राहू दे," म्हणत तो उठला आणि पाहुण्यांत मिसळला.

दुसऱ्या दिवशी अडेलीनो पहाऱ्यावरून घरी आला नाही. चौकीवर फौजदारानं मान वर न करताच विचारलं, "कोण अडेलीनो? असा कुणी पहारेकरी नव्हता. घरी जा, म्हातारे." शेवटी मावशी कर्नलच्या फाटकाशी गेली. मी मागोमाग. त्यानं स्वतः तिला खुर्ची दिली.

"निवडणुकीला उभा राहतोय. माझ्यावर एक चांगलं गाणं कर. पोरगा सुखरूप आहे. निवडणूक झाली की येईल."

तिनं केलं. त्याला गरिबांचा बाप म्हटलं, ट्रकवर उभं राहून आवाज बसेस्तोवर गायली. आम्ही सगळ्या साथीला. लोक खाली मान घालून ऐकत.

निवडणूक झाली. तो मंत्री झाला. अडेलीनो आला नाही.

अजूनही त्याच्याकडे समारंभ असला की आमच्यासाठी गाडी येते. गाणं संपलं की मावशी विचारते, "साहेब, आमचा पोरगा?" ज्याचं नाक तिनं लहानपणी पुसलं, त्याला साहेब!

तो म्हणतो, "काय गोड गळा आहे तुझा! गात राहा."

मागच्या खेपेला गाडीतून उतरताना मला राहवलं नाही. "किंता, अगं, तो आता..."

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला.

"बोलू नकोस. मी गायची थांबले, की तो मेला."

अंगणात बायका गोल बसल्या होत्या. मी टबाशी बसले आणि थाप मारली.