पंडित मुकादमाचा पुरा कोयता

आष्टीकडच्या पंडितनं उभी हयात ऊसतोडीची टोळी चालवली. नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता, एकटा गडी म्हंजे अर्धा, हीच त्याची मोजणी. बांधाच्या भांडणात काठी जरा जोरात बसली अन् मुकादम तुरुंगात गेला. तिथंबी थोड्याच दिसांत बराक त्याचं ऐकायला लागली.

रक्त तपासायला दवाखान्याची माणसं आलती. गरमी म्हंजे सिफिलिस, एड्स, सगळंच बघणार. कुणी उठंना. जो उठंल त्याच्यावरच संशय! पंडितनं बाही सारली.

"चला बे! पाचट लागतं म्हणून कुणी ऊस सोडतं का?"

तो पुढं, बाकी सगळे मागं. अख्खी बराकच रांगेत, तर बोट कुणाकडं दाखवायचं?

बराकीतल्या सिरसाळ्याच्या वीरेशला गरमी निघाली. घरचं किराणा दुकान, घरी बायको दिपाली पोटुशी. सुई घेऊन आल्यावर त्यानं एकट्या पंडितला सांगितलं.

"दिपालीला कळवलं का?"

"कावून कळवू? मी बरा होतोय की."

"म्हंजे अर्धाच कोयता! तिला असंल तर पोटातल्या लेकराला लागंल. तू घरी गेलास की तुला परत. डॉक्टरीणबाई सांगत व्हत्या तवा झोपलातास का?"

"सोडून जाईल ती, मुकादम."

"जाईल तर जाईल. लेकरू तर धड जन्मंल."

मुलाखतीला वीरेशनं जाळीपल्याड बघत कसंबसं सांगून टाकलं, मुकादमाचं बोलणंबी. दिपाली म्हणली, "कुठनं आणलं ते घरी आल्यावर इचारते. आदी दवाखान्यात काय सांगू ते बोला."

पुढल्या मुलाखतीला तिनंच तोंड उघडलं. "मलाबी निघाली. सुई घेतली, आणखी घ्यायचीय. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, येळेवर आलीस, लेकरू वाचंल." मग जाळीला नाक लावून, "डॉक्टर हो म्हणंस्तोवर तुमी ओसरीवर झोपायचं. त्याच्यापुढंबी निरोधाबिगर न्हाई. अन् त्या मुकादमाला माझा रामराम सांगा."

वीरेशनं बराकीत येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. पंडितनं भाकरीचा घास गिळला.

"पुरा झाला कोयता. आता जामीन उन्हाळ्यात माग बे. थंडीत ओसरी लई गार लागती."