मुकादमाच्या वहाणा

देव आहे की नाही याबद्दलचं माझं मत त्या काळी सोयीप्रमाणे बदलायचं. सगळं सुरळीत चाललं की तो नसायचा आणि घरात कुणाला ताप भरला की असायचा. आमच्या मंडळींचं माहेर औंधजवळचं, त्यामुळे तिथल्या यमाईदेवीशी तिचं रोजचं बोलणं. मी कामावर निघालो की ती खिशात अंगाऱ्याची पुडी घालायची. मी ती तंबाखूच्या पुडीशेजारीच ठेवायचो, आणि एकदा अंगारा दाढेखाली धरून तंबाखू कपाळाला लावण्यापर्यंत माझी भक्ती पोचली होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते उन्हाळे. कडेगावच्या बाजूला कालव्याचा एक बोगदा होता आणि त्याच्या देखभालीच्या टोळीवर मी मुकादम होतो. उन्हाळ्यात पाणी बंद करून आम्ही आत शिरायचो आणि हातोडीने भिंतीचं सिमेंटचं अस्तर ठोकत पुढे सरकायचो. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर समजायचं की आत पोकळी आहे, मग तिथे गेरूची खूण करून सिमेंट भरायचं. बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, तो खणणाऱ्यांनी कधीकाळी बसवलेला यमाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनघडीव दगड होता. गडी तिथे वहाणा काढून आत जात. मी मात्र बूट घालून, लांबूनच हात जोडत. मुकादमाने अनवाणी चिखल तुडवावा हे मला शोभेसं वाटत नसे.

माझा खरा विश्वास होता पत्र्याच्या बिल्ल्यांवर. आत जाणाऱ्याने फळीवरचा आपला बिल्ला घ्यायचा आणि बाहेर आल्यावर परत अडकवायचा. फळी भरली म्हणजे बोगदा रिकामा. ही पद्धत मीच घालून दिली होती आणि तिचं कौतुकही बहुधा मीच करत असे. सगळ्यांना बिल्ले होते. मला नव्हता. वाढणाऱ्याने स्वतःचं ताट घ्यायचं विसरावं, तसं झालं होतं ते.

दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी मला सकाळपासून कणकण होती. त्यात नव्या बुटाने टाच सोलून काढलेली, म्हणून वहाणा घालून आलो होतो. चिखलात त्या रुतल्या असत्या, म्हणून देवीपाशी काढल्या. भक्तीचा त्यात भाग नव्हता. दुपारी काम उरकलं, गडी बाहेर पडले आणि मी कंदील घेऊन शेवटचा भराव पुन्हा एकदा ठोकून बघायला मागे वळलो. खाली ऊस वाळत होता, म्हणून एका गड्याला मीच सांगून ठेवलं होतं, "फळी भरली की वर जाऊन पाटकऱ्याला पाणी सोडायला सांग." फळी भरली. गडी गेला. मुकादम सायकल मारत हापिसात गेला असेल, असं बाकीच्यांनी धरलं.

आत गारवा होता. कुठेतरी थेंब पडत होता, आणि दूरवर बोगद्याचं तोंड रुपयाएवढं चमकत होतं. अंग जड झालं म्हणून भिंतीतल्या कोनाड्यात टेकलो, तो डोळा लागला. मग मी औंधच्या डोंगराच्या पायऱ्या चढत होतो. पायऱ्या थंडगार, संपतच नव्हत्या, आणि संपाव्यात असंही वाटत नव्हतं. मागून कुणी बाई हाका मारत होती. मला वळायचं नव्हतं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

"आरं ए मुकादमा! देवीच्या पोटात झोपलास व्हय? ऊठ, पानी सुटलंय!"

"आई, जरा पडू दे," मी म्हणालो.

"मी तुजी आई न्हाई, आन पडूबी देनार न्हाई. ऊठ!"

तिने दंडाला धरून मला उभा केला. कंदील विझलेला. पुढे तिची आकृती, तिच्यापुढे तो रुपयाएवढा उजेड, आणि मी स्वप्नातल्यासारखा मागोमाग. उजेड परातीएवढा झाला तेव्हा मागून टाचांना पाणी लागलं. सोललेली टाच अशी झोंबली की झोप तिथेच संपली. आम्ही वर काठावर चढलो आणि थोड्याच वेळात काटक्या, पाचोळा नि तांबडा फेस घेऊन कालवा धडधडत बाहेर आला.

ती पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी होती. लेक फौजेत, उसाचं रान हीच सांभाळायची. नव्या पाण्याची ओटी भरायला आली होती.

"आवं मावशी, मी आत हाय हे तुमाला कसं कळलं?"

"तुजं गडी म्हनत गेलं, समदी भाईर आली. मग ह्या वहाना कुनाच्या? खडी तव्यावानी तापलीया. ह्या उनात अनवानी कोन जाईल घरला?"

"मग कुणाला तरी हाक मारायची. तुमी कशाला आत आला?"

"हाका मारीत बसले असते, तर ही वटी पान्याला घालायची का तुला, त्येचा इचार पडला असता गड्या." असं म्हणून तिने खण-नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि माझ्याकडे वळूनही न बघता रानाच्या वाटेला लागली.

पुढच्या आठवड्यात आम्ही उभयता तिच्या वस्तीवर गेलो. मंडळींनी तिची ओटी भरली, मी पाया पडलो. तिने ताक दिलं आणि पाण्याची पाळी उशिरा मिळाली म्हणून मला यथेच्छ झापलं. आमची मुलं अजून विचारतात, ती यमाई होती का? मला ठाऊक नाही. बुटाने टाच चावणं ही कृपा होती का, तेही ठाऊक नाही. एवढंच कळलं, की सगळ्यांना सांभाळणारा मी, असं ज्या दिवसांत मानत होतो, त्याच दिवसांत मला सांभाळणारं कुणी मी नेमलेलंच नव्हतं. तरी कुणीतरी होतं.

लोक देवाला शरण जातात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला मोठ्या शब्दांत अजून उमगलेलं नाही. मला जमलं ते साधं आहे. पुढे जितकी वर्षं त्या बोगद्यात उतरलो, तितकी वर्षं आत पाऊल टाकण्याआधी तोंडाशी मुद्दाम बसवलेल्या गड्याला, आणि मग तांदळ्याकडे बघून तिलाही, एकाच आवाजात सांगत गेलो, "मी आत जातोय. ध्यानात ठेव."