कप्प्यांतली वासुकी

आमच्या जयलक्ष्मीअक्काने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या वाटेत उभं राहू नये. मी तिची भावजय भामा. तीस वर्षं उभी राहिलेय, म्हणून सांगते. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं अक्काने रेकॉर्ड सांभाळलं. रोज तंजावूरहून बसने जायची, यायची. कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. निवृत्त झाल्यावर तरी ती शांत बसेल, असं मला वाटलं होतं. मी भोळीच.

या फेब्रुवारीत तिचा जावई सतीशकुमार येऊन खाली मान घालून सांगून गेला, की तो पुन्हा लग्न करतोय आणि मे महिन्यात नित्याला कोइमतूरला घेऊन जाणार. माणूस वाईट नाही. आमच्याच तंजावूरच्या मराठी लोकांतला, पण कोइमतूरला वाढलेला, घरात सगळं तमिळच. अक्काची मुलगी वासुकी सात वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा नित्या दोन वर्षांची होती. तेव्हापासून पोर अक्काकडेच, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत. मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी तमिळमध्ये.

"बापाबरोबर जाऊ दे. जावंच," अक्का म्हणाली. "पण तेथ वासुकी कोण होती म्हणून तिज कोण सांगेल, भामा?"

याचं उत्तर? अक्काने ते आठ दिवसांत यूट्यूबवर शोधलं. कप्प्यांचा आल्बम म्हणे. प्लास्टिकच्या पानाला चार कप्पे, एकात फोटो, शेजारच्यात चार ओळी लिहिलेलं कार्ड. डिंक नाही, चिकटवणं नाही. हवं ते काढावं, हवं ते घालावं. तसली पानं आमच्या गावात कुठून मिळणार? अक्काने फाइलला लागणाऱ्या पारदर्शक पिशव्या आणल्या आणि शिवणयंत्राला घातल्या. एक उभी शिवण, एक आडवी, आणि खालच्या कप्प्यांसाठी ब्लेडने एकेक चीर. बारीक टाक्याने पहिलं पान तिकिटासारखं टरकन फाटलं. मग टाका मोठा केला. चोवीस पानं शिवून झाली तेव्हा तिच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि तोंडावर प्रमोशन मिळाल्याचा भाव.

मग गाडी अडली. जन्मापासून क्रमाने लावायचं, हा कचेरीतला हट्ट. वासुकीच्या बाळपणीचा एकच फोटो, त्यावरही तारीख नाही, म्हणून तीन आठवडे पहिलं पान कोरं! शेवटी मीच बाईंच्या हातातून गठ्ठा घेतला, वासुकीचा सायकलवरचा फोटो उचलला आणि कप्प्यात सारला. "लागली सुरुवात," म्हटलं. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सरकारी शिक्काच चोरलाय. पण दुसरा फोटो तिने स्वतः घातला.

फोटो लागले, आता कार्डं. आणि इथे अक्काने ती चूक केली, जी फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मराठी बोलतो आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं काढतो. नागरी वाचणारे बोटावर मोजण्याइतके. अक्का म्हणाली, पोरीच्या हातात आपली भाषा आपल्याच अक्षरांत द्यायची. गल्लीच्या टोकाला बाळकृष्णराव राहतात; संस्कृतामुळे त्यांना नागरी येते. एकोणसाठाव्या वर्षी ही बाई पाटी घेऊन रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर. दोन महिन्यांत अठ्ठेचाळीस कार्डं लिहून काढली. अक्षर एकेक मोजून ठेवल्यासारखं. मला वाचता येत नव्हतं, पण अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

निघायला सहा दिवस होते, तेव्हा तिने आल्बम नित्यापुढे ठेवला. पोरीने फोटो पाहिले, हसली. मग कार्डावर बोट ठेवून तमिळमध्ये विचारलं, "आज्जी, हे हिंदी आहे का?"

अक्काचं तोंड उतरलं. मला मात्र संताप आला, तिच्यावर आणि स्वतःवरही. दोन महिने आम्ही दोघी एका छताखाली असून, पोरीला हे वाचता येणार नाही एवढं कुणाच्या टाळक्यात शिरू नये? "वाच बघू काय लिहिलंय ते!" मी अक्कावर ओरडले. अक्का हळू आवाजात वाचू लागली. "वासुकी. विवाह. स्थळ पापनाशम. सकाळी सात ते साडेआठ." पुढचं कार्ड: "वासुकी. वार्षिक उत्सव. इयत्ता सातवी."

"अक्का, ही आई आहे की बदलीचा अहवाल?" माझ्या तोंडून गेलं.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. मग म्हणाली, "सहा दिवस आहेत. दिवसास आठ कार्डं."

"तमिळमध्ये लिही, सोपं पडेल."

"वासुकी तिजशी तमिळ बोलत नव्हती." विषय संपला. अक्षरं तमिळ, बोली आपली, असं ठरलं. जुनी कार्डं काढलीही नाहीत, नवी त्यांच्याच पुढे सरकवायची. कप्प्यांचा हा फायदा मलाही पटला.

तारखा मात्र आता नकोत, असं तिने आपणहून ठरवलं. त्या फोटोच्या वेळी वासुकी काय बोलली ते लिहायचं. लग्नाच्या फोटोपुढे लिहिलं, "अम्मा, ही साडी किती जड गे, मज बसवेना." वासुकीची ही वाक्यं अक्काने सात वर्षांत एकदाही उच्चारली नव्हती. आता एकेक आठवून आधी मोठ्याने म्हणायची, मग लिहायची. मला रडू आवरेना. अक्का रडली नाही. तिसऱ्या दिवशी एका वाक्यावर तिचा हात थांबला, ती उठली, तोंड धुऊन आली आणि पुढचं कार्ड घेतलं. सहाव्या दिवशी दुपारी अठ्ठेचाळीस पुरी झाली.

सतीशकुमार दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आला. सामान चढत होतं. प्रवासाआधी पोरीला दोन घास भरवावेत म्हणून अक्का स्वयंपाकघरात दह्यात उडदाचं पीठ कालवत होती; आमची डांगरपच्चडी. मी दारात उभी. नित्या ओसरीवर आल्बम मांडीवर घेऊन बसली होती. कार्डावर बोट फिरवत, शाळेतल्या धड्यासारखं एकेक अक्षर लावत तिने मोठ्याने वाचलं, "अम्मा... भूक लागली गे. डांगर जालं का?"

तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, ड आणि ट यांनाही. पण पोरीची जीभ कुठेच अडली नाही. कानांनी सगळं आधीच साठवून ठेवलं होतं. आवाजही थेट वासुकीचाच निघाला.

"जालं गे, ये," आतून अक्का म्हणाली. रोजच्यासारखी, सहज.

आणि मग आतला चमचा थांबला. सतीशकुमारच्या हातातली पेटी हातातच राहिली. अक्का दारापर्यंत आली, हाताला पीठ लागलेलं, आणि ओसरीकडे बघत राहिली. अठ्ठेचाळीस कार्डं लिहिताना न आलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं.

नित्याने आधी बापाकडे पाहिलं, मग आज्जीकडे. आल्बम मिटून बाजूला ठेवला. आता समोर कार्ड नव्हतं.

"जालं तर वाढ की गे, आज्जी," ती म्हणाली.