तीन वर्षं कळंबा जेल: एका व्हिसासाठी कोल्हापूर ते पुणे

मंगळवारी दुपारी मेसेज आला, 'पासपोर्ट घेऊन जा.' व्हिसा मिळाला की नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही! आमच्या ह्यांनी तो तीनदा वाचला. "उद्याच जाऊया. जीव टांगणीला किती ठेवायचा?"

आमची पल्लवी परदेशात असते (देशाचं नाव लिहायचं नाही, अशी तिची ताकीद आहे). तिला नववा महिना लागलाय आणि तिथं जवळचं कुणी नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला. माझा व्हिसा तीन आठवड्यांत आला, ह्यांचा पाच महिने अडकला. का? तर फॉर्मात मागच्या दहा वर्षांतले पत्ते मागितले होते. हे कळंबा जेलमधले निवृत्त शिपाई. नोकरीची शेवटची तीन वर्षं हे एकटे जेलच्या क्वार्टर्समध्ये राहायचे; ती त्या दहात येत होती. ह्या भल्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मध्यवर्ती कारागृह, कळंबा, तीन वर्षं.' कामाच्या रकान्यात नुसतं 'निवृत्त'. तिकडून विचारणा आली, गुन्हा कोणता? मी कपाळाला हात लावला. मग सेवेचा दाखला, पोलिसांचा दाखला, खुलाशाचं पत्र. पुढं वेबसाइट रोज एकच सांगायची: तपासणी सुरू आहे. तेव्हा मंडळी, सरकारी क्वार्टर्समध्ये राहिला असाल तर तसं स्पष्ट लिहा. तिथल्या अधिकाऱ्याला कळंबा काय ठाऊक?

बुधवारी सकाळी सहाची एसटी धरली. ह्यांना ज्येष्ठांची सवलत, मला बायकांची; दोघांत मिळून एक तिकीट. हायवेचं काम चालू आहे, त्यामुळं पाच तासांच्या जागी सहा धरा. साताऱ्याजवळ गाडी थांबली तेव्हा मी गरम वडे घेतले, ह्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. शेजारी शिरोळच्या एक मावशी होत्या.

"कुठं निघालाय पावणं?"

मीच सगळं सांगितलं.

"आणि न्हाय मिळाला तर?"

"तर मी एकटी जाणार," म्हणाले खरी, पण हातातला वडा तसाच पुडीत बांधला.

स्वारगेटहून रिक्षा केली. व्हिसा केंद्रात पिशव्या नेऊ देत नाहीत. पावती आणि ओळखपत्र तेवढं हातात ठेवा. खिडकीतल्या मुलीनं बंद पाकीट दिलं.

"आत काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"आम्हालाही माहीत नसतं, काका."

ह्यांच्यानं ते फोडवेना. मी फोडलं. पानं उलटली, उलटली, आणि ह्यांच्या फोटोचा व्हिसा!

"अवं, मिळाला की!" मी केवढ्यांदा ओरडले! सगळी रांग वळून बघायला लागली. बाहेर येऊन पल्लवीला फोन लावला. ती रडली, मी रडले, हे रस्त्याकडं तोंड करून नाक पुसत होते. पाच महिन्यांनी मला त्या दिवशी कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बॅगा काढल्या. इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! हे मात्र पासपोर्ट हातात घेऊन बसलेले.

"अगं, जेलात एक म्हातारा हुता. जामीन झालता, कागद यायचा हुता. रोज सकाळी इचारायचा, साहेब, आला का? मी म्हणायचो, येईल तवा येईल."

"मग?"

"मग काय. एकदा तरी त्याला, बस जरा, बघून येतो, म्हणायला पायजे हुतं."