लिंपण न धरणारी भिंत

कारखान्यात ओतलेल्या तयार भिंती क्रेनने उभ्या करून नव्या पनवेलला स्वस्त घरं बांधली गेली. त्यातलं एक आम्हाला मिळालं तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला होता.

समोरच्या घरात एक म्हातारी होती. गावातलं मातीचं घर सोडून लेकाकडे आलेली. नाव मी कधी विचारलं नाही. येता-जाता ती भिंतीला उलटा हात लावायची, पोराचा ताप बघावा तसा.

नातीच्या लग्नाआधी तिने कुठूनशी शेणमाती आणून ती गुळगुळीत भिंत लिंपली आणि वर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, लग्नघरी काढतात ते चौकोनी चित्र, काढला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, भिंत तापली आणि लिंपण चौकासकट गळून खाली आलं.

मी म्हणालो, "आजी, या घराला काही करावंच लागत नाही. तेच तर बरं आहे."

"बरा हाय," पोपडे सुपात भरत ती म्हणाली. "पन मंग माजा हितं काय काम?"

आता मीही निवृत्त झालोय. घराला अजून काही लागत नाही. दुपारी भिंत तापली की माझा हात आपसूक उलटा होऊन तिच्यावर जातो.